उसन्या चालीतलं गाव

रात्रीचं टोकियो. लांबवर पसरलेले दिवे, रुळांवरून सरकणारी लोकल, रात्रीही उघडं असलेलं दुकान आणि दूध घेऊन त्यातून बाहेर पडणारी एक शाळकरी मुलगी. पडद्यावर सगळं जपानी, मागे वाजणारं गाणं मात्र इंग्रजी: ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या आवाजातलं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’. स्टुडिओ जिब्ली ह्या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा १९९५चा ‘मिमी ओ सुमासेबा’ असा सुरू होतो. नावाचा अर्थ साधारण ‘कान देऊन ऐकलं तर’; आपल्याकडे तो ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ म्हणून माहीत आहे. संपतो तोही ह्याच चालीवर, पण जपानी शब्दांत आणि सोळा वर्षांच्या योको होन्नाच्या आवाजात.

हे शेवटचं गाणं मला सुरुवातीच्या गाण्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाणं, ही मूळ गाण्याची सावली, असं आपण सहज धरून चालतो. इथे मात्र मूळ शोधायला निघालं की पाय घसरायला लागतात.

बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट हे जोडपं वॉशिंग्टनच्या आसपास गाणी म्हणत असे. मेरीलँड राज्यात क्लॉपर रोड नावाचा एक साधा, वळणावळणाचा रस्ता आहे; तिथून गाडीने जाताना डॅनॉफला गाण्याची कल्पना सुचली. गाणं ज्याला घर म्हणतं त्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात दोघांपैकी कुणीही तोवर राहिलेलं नव्हतं. डॅनॉफ वाढला मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि त्या राज्याचं नावही चालीत बसत होतं म्हणून त्याचाही विचार झाला होता. गाणं जॉनी कॅश ह्या कंट्री गायकाला द्यावं असं दोघांच्या मनात होतं. डिसेंबर १९७०च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या सेलर डोअर क्लबमध्ये गायक जॉन डेन्व्हरचे कार्यक्रम होते. एका रात्री कार्यक्रमानंतर ह्या दोघांच्या घरी यायला निघालेल्या डेन्व्हरच्या गाडीला अपघात झाला आणि अंगठा मोडला. दवाखान्यातून तो आला, अर्धवट गाणं ऐकलं आणि हरखून गेला. पहाटेपर्यंत तिघांनी मिळून ते पुरं केलं. क्लबमध्ये ते गायलं गेलं, एप्रिल १९७१मध्ये रेकॉर्ड निघाली आणि ऑगस्टमध्ये गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.

भूगोलाच्या दृष्टीने गाणं कच्चंच आहे. त्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेननडोआ नदी मुख्यतः शेजारच्या व्हर्जिनियात. वेस्ट व्हर्जिनियाच्या वाट्याला त्यांचा एक पूर्वेकडचा कोपरा येतो. तरी २०१४मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने हे गाणं आपल्या अधिकृत राज्यगीतांत घेतलं. गाव कुणाचं, गाणं लिहिलं कुणी, आणि आपलं म्हणून छातीशी धरलं कुणी!

बहुधा म्हणूनच त्यातलं गाव बदलणं इतकं सोपं गेलं. जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्सनी १९७३च्या सुमारास ते रेगेमध्ये म्हटलं तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाचं वेस्ट जमैका झालं. हवाईच्या इझ्राएल कामाकाविवोओले ह्याने १९९३मध्ये तिथे आपल्या बेटावरचं वेस्ट माकाहा बसवलं. ऑलिव्हियाने १९७३मध्ये शब्दांना हात लावला नाही, फक्त गाणं हलकं आणि स्वच्छ करून टाकलं. ब्रिटनमध्ये ते बऱ्यापैकी चाललं. जपानमध्ये १९७६मध्ये ते गाजलं. तिथल्या एका पिढीला हे गाणं डेन्व्हरचं म्हणून नव्हे, ऑलिव्हियाचं म्हणून आठवतं. सिनेमाच्या सुरुवातीला तिचा आवाज आहे तो त्यामुळे नवलाचा नाही.

परक्या चालीवर आपले शब्द बसवणं जपानला नवीन नव्हतं. मेइजी काळात (१८६८–१९१२) सरकारने शाळांसाठी गाण्यांची पुस्तकं काढली, त्यासाठी अमेरिकेहून लूथर व्हाइटिंग मेसन हे संगीतशिक्षक बोलावले आणि इसावा शुजी ह्यांच्यासोबत त्यांनी पाश्चात्त्य चाली निवडल्या. १८८१च्या पहिल्या भागात एक स्कॉटिश चाल होती, तिच्यावरचं ‘होतारू नो हिकारी’, म्हणजे काजव्यांचा उजेड, जपानच्या शाळांत निरोपसमारंभाचं गाणं होऊन बसलं. १९०७मध्ये इंदो क्यूकेई ह्यांनी जॉन ऑर्डवे ह्या अमेरिकन संगीतकाराच्या घर-आईची आठवण काढणाऱ्या गाण्यावर ‘र्‍योशू’ रचलं: शरदातली रात्र, परका मुलूख, गावाची ओढ. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याची ओळ छापलेली असायची. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

आणि मग १९१४चं ‘फुरुसातो’, म्हणजे आपलं गाव. ही चाल उसनी नाही. ताकानो तात्सुयुकी आणि ओकानो तेइइची ह्यांचं हे गाणं जपानमध्ये बहुतेक प्रत्येकाला पाठ असतं. सशामागे धावलेला डोंगर, मासे पकडलेली नदी, आणि शेवटच्या कडव्यात मनसुबा: मनात धरलेलं पुरं करून एक दिवस परत येईन. शहरात जाऊन मोठं व्हायचं आणि मग गावी परतायचं, ह्या मेइजीपासूनच्या स्वप्नाचं हे जणू अधिकृत गीत. ‘मिमी ओ सुमासेबा’मधलं गाणं ह्याला उत्तर देतं, असं मला वाटतं. कसं ते पुढे.

जिब्लीलाही उसन्या गाण्यांची सवय होती. स्टुडिओतले दिग्दर्शक इसाओ ताकाहाता ह्यांच्या १९९१च्या ‘ओमोहिदे पोरो पोरो’च्या शेवटी बेट मिडलरने गाजवलेलं ‘द रोझ’ आहे, ताकाहातांनी स्वतः जपानीत आणलेलं आणि एन्का ह्या भावुक जपानी गानप्रकारातल्या नामवंत गायिका हारुमी मियाको ह्यांनी गायलेलं. त्या सिनेमात नायिकेच्या लहानपणाला आवाज दिला होता बारा वर्षांच्या योको होन्नाने. म्हणजे चार वर्षांनी गाण्याच्या खोलीत शिरली ती मुलगी स्टुडिओच्या ओळखीचीच होती.

‘मिमी ओ सुमासेबा’ मुळात आओई हिइरागी ह्यांची १९८९ची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. सासुरवाडीच्या डोंगरातल्या घरी पडलेल्या मुलींच्या मासिकात ती जिब्लीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी ह्यांच्या हाती लागली. पटकथा आणि स्टोरीबोर्ड त्यांनी केला, दिग्दर्शन दिलं योशिफुमी कोंदो ह्यांना. मांगातला चित्रकार मुलगा सेइजी सिनेमात व्हायोलिन बनवणारा झाला, आणि त्याबरोबर गाण्याला घरात जागा मिळाली.

नायिका शिझुकू पुस्तकांत बुडालेली, चौदा-पंधरा वर्षांची. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती ‘कंट्री रोड्स’चं जपानी रूप लिहायला घेते आणि स्वतःच वैतागते, कारण जमत नाही. पांढऱ्या ढगांचे डोंगर वगैरे लिहून होतं, पण त्यात तिचं काही नसतं. ती वाढली आहे टोकियोच्या पश्चिमेला, तामाच्या टेकड्यांत, जिथे टेकड्या कापून सोसायट्या उभ्या राहिल्या. मग ती चिडून विडंबन करते: ‘कॉंक्रीट रोड’. जंगल तोडलं, दरी बुजवली, ‘वेस्ट टोकियो, माउंट तामा’, माझं गाव म्हणजे कॉंक्रीटचा रस्ता. वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी वेस्ट टोकियो, मूळ गाण्यातल्या ‘माउंटन मामा’च्या जागी माउंट तामा, चालीत अचूक बसणारा वात्रटपणा. पण गाण्याच्या सगळ्या जपानी खर्ड्यांत खरं असं पहिलं हेच.

तामा न्यू टाउन ही जपानमधली सर्वांत मोठ्या आखीव वसाहतींपैकी एक. आखणी १९६५ची, लाखोंच्या वस्तीसाठी. पहिली कुटुंबं राहायला आली मार्च १९७१मध्ये. डेन्व्हरची रेकॉर्ड आली ती पुढच्याच महिन्यात. हा निव्वळ योगायोग, त्याला अर्थ चिकटवायचं कारण नाही. पण शिझुकूचं विडंबन ऐकताना तो आठवतोच. ह्याच टेकड्यांवरच्या बेघर तानुकींवर, म्हणजे कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या रानटी प्राण्यांवर, ताकाहातांनी आदल्या वर्षी, १९९४मध्ये, अख्खा सिनेमा केला होता. एकाच स्टुडिओने एकाच टेकडीकडे लागोपाठ दोनदा पाहिलं: एकदा हुसकावलेल्यांच्या डोळ्यांनी, एकदा तिथे जन्मलेल्या मुलीच्या.

शिझुकूने लिहिलेले म्हणून जे शब्द सिनेमात येतात, ते खरे लिहिले मामिको सुझुकी ह्यांनी. निर्माते तोशिओ सुझुकी ह्यांची ही मुलगी, तेव्हा विशीच्या आत. शाळकरी मुलीचे शब्द प्रौढ गीतकाराचे वाटू नयेत म्हणून हे काम घरच्या मुलीकडे गेलं. मियाझाकींनी त्यावर हात फिरवला. श्रेयनामावलीत दोघांचीही नावं आहेत. सुझुकींनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार खटका उडाला तो इथेच. मामिकोच्या खर्ड्यात सुरुवातीला आशय होता: एकटीने जगायचं म्हणून हाती काही न घेता गावातून निघाले. मियाझाकींनी तो बदलला: एकटं असूनही न भिता जगण्याचं स्वप्न पाहिलं होतं. कोंदोंना पहिलंच हवं होतं. नीगाता प्रांतातल्या गोसेनहून हा माणूस शाळा संपताच १९६८मध्ये चित्रं काढायला टोकियोत आला होता. ती ओळ त्याची होती.

मला विचाराल तर मियाझाकींचा बदल शिझुकूसाठी योग्यच आहे. ती अजून कुठेच गेलेली नाही. ‘निघाले’ म्हणायचा तिला हक्क नाही, स्वप्न पाहण्याचा आहे. पण कोंदोंची हळहळही समजते. एका ओळीत दोन माणसं मावत नव्हती, आणि दिग्दर्शकाला बाहेर राहावं लागलं.

इंग्रजी गाण्याचा सगळा जोर ‘मला घरी ने’ ह्यावर आहे. जपानी गाण्यात तीच चाल, तीच चढण, आणि बाई म्हणते: ह्या रस्त्याने पुढे गेलं की ते गाव असेल असं वाटतं. नंतर आठवणी दाबते, डोळ्यांत पाणी येऊ देत नाही, पावलांचा वेग वाढवते. आणि शेवटी सांगते की उद्या मी नेहमीसारखीच असेन, परत जावंसं वाटतं, जाता येत नाही, रस्त्या, निरोप घेते. ‘फुरुसातो’मधला माणूस कामगिरी पुरी करून परतणार होता. ही परतणार नाही, आणि कामगिरीचा हिशोबही देत नाही. अनुवाद म्हणून तपासलं तर हा सपशेल चुकलेला आहे. गाणं म्हणून मात्र तो मूळ गाण्यापेक्षा खरा आहे, कारण मूळ गाण्यात ओढ आहे पण जाण्याला काही अडथळाच नाही. गाडी हाकली की पोचलो.

भाषेने मदत केलीच. जपानीत एका सुरावर मावणारा आशय इंग्रजीपेक्षा थोडा, त्यामुळे डोंगर, नदी, खाणकामगाराची बायको, रेडिओ ही सगळी गर्दी आपोआप बाहेर पडली. अनेकवचनही गेलं. ‘रोड्स’चा ‘रोडो’ झाला, आणि अनेक वाटांऐवजी एकच रस्ता उरला.

गाणं सिनेमात सगळ्यांत सुंदर भेटतं ते तळघरातल्या कारखान्यात. व्हायोलिन वाजवून दाखव, असा शिझुकूचा हट्ट. तू गायलीस तर, अशी सेइजीची अट. ती आधी अंग चोरून म्हणते, आवाज जरा कापरा. मग सेइजीचे आजोबा आणि त्यांचे दोन दोस्त येतात, आणि कुणी ल्यूट हे जुनं तंतुवाद्य घेतं, कुणी रेकॉर्डर नावाची बासरी, कुणी गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं जुनं वाद्य. युजी नोमी ह्यांची ही रचना युरोपातल्या एखाद्या जुन्या वाड्यातून आल्यासारखी वाटते. अमेरिकन कंट्रीचा मागमूस राहत नाही. होन्ना गायिका म्हणून तयार झालेली नव्हती, आणि ते ऐकू येतं. वरच्या सुराला ती थेट चढते, लडिवाळपणा करत नाही, ओळीच्या शेवटी श्वास संपला की स्वरही सोडून देते. एखाद्या कसलेल्या गायिकेने ‘डोळ्यांत पाणी येऊ देत नाही’ म्हणताना नेमकं पाणी आणलं असतं.

कोंदोंचा हा एकमेव सिनेमा. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून गेला. २१ जानेवारी १९९८ रोजी कोंदो गेले, वय ४७.

गाणं पुढे शाळांच्या गायनवृंदांत गेलं, असंख्य जणांनी पुन्हा गायलं. २०२२मध्ये ह्याच कथेचा माणसांचा सिनेमा आला, त्यात शिझुकू दहा वर्षांनी मोठी आणि सेइजीच्या हाती चेलो. ‘कंट्री रोड’ तिथे नाही. त्याऐवजी ‘त्सुबासा ओ कुदासाइ’, म्हणजे ‘मला पंख दे’, आकाई तोरी ह्या गटाचं, तेही १९७१चंच. निवड वाईट नाही. पण पंख मागणारी मुलगी आणि पावलांचा वेग वाढवणारी मुलगी ह्या दोन वेगळ्या मुली आहेत, आणि मला दुसरीची सवय झाली आहे.

सिनेमातलं स्टेशन बेतलं आहे टोकियोच्या केइओ रेल्वेमार्गावरच्या सेइसेकी-साकुरागाओका स्टेशनावर. तिथे २०१२पासून गाडी फलाटाला लागायच्या आधी ‘कंट्री रोड’ची चाल वाजते. शब्द नाहीत, नुसती चाल, काही सेकंदांची. संध्याकाळी शहराच्या मध्यातल्या शिंजुकूहून गाड्या भरभरून येतात आणि माणसं उतरून टेकडीवरच्या घरांकडे चालू लागतात.