ओआरएस आणि ग्लुकोजचं पाणी: जुलाबात बाळाला नेमकं काय द्यायचं?

बाळाला जुलाब लागले की घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये धावतं आणि ग्लुकोजचा डबा घेऊन येतं. पोर मलूल झालंय, तेवढीच तरतरी येईल, असं वाटतं. पण जुलाबात बाळाच्या अंगातून पाणी आणि क्षार जातात. ते भरून काढायला लागतं ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी.

गोंधळ होतो कारण ओआरएसमध्येही ग्लुकोज असतंच. मात्र तिथे त्याचं काम वेगळं आहे. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत असते. म्हणून प्रमाणाला महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सिट्रेट २.९ ग्रॅम असतं. नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात सोडियमची ही जोड नसते. शिवाय साखर जास्त झाली तर ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढते, आणि जुलाब वाढतात.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. इतक्या स्वस्त औषधाऐवजी आजही गोड पाणी पाजलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

फळांच्या चवीचे टेट्रापॅकही यात आलेच. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरीही घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहा. सरकारी पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय, तेवढ्यातच ती पूर्ण पुडी विरघळवा. लिटरची पुडी थोडी थोडी करून पेल्यात टाकू नका. मीठ कमी-जास्त होतं, आणि जास्त मीठ बाळाला घातक ठरू शकतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, डॉक्टर किंवा आशाताई सांगतील त्या मात्रेत.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ पीतच नसेल, गुंगीत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ही लक्षणं दिसायचीही वाट पाहू नका.