दिलीप प्रभावळकर

प्रभावळकर, दिलीप : (४ ऑगस्ट १९४४ – ). मराठी रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांत पाच दशकांहून अधिक काळ काम करणारे अभिनेते, नाटककार आणि विनोदी लेखक. जन्म मुंबईत. विज्ञान शाखेतील उच्च शिक्षणानंतर त्यांनी औषधनिर्मिती कंपनीत नोकरी केली आणि ती सांभाळूनच प्रायोगिक व बालरंगभूमीवर कामे केली. एखादी भूमिका लोकप्रिय झाली की तिचेच छाप पुढच्या भूमिकांवर उमटवायचे, हा व्यावसायिक नटाचा नेहमीचा मार्ग त्यांनी जाणीवपूर्वक टाळला. भूमिकेमागे नट पूर्णपणे दिसेनासा व्हावा, हाच त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा ध्यास राहिला आहे.

त्यांच्या जडणघडणीत रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्याचा वाटा मोठा आहे. ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातील चेटकीण त्यांनी रंगवली. बालरंगभूमीवर नटाला सवलत मिळत नाही. कंटाळा आला की प्रेक्षागृहातली मुले उघड चुळबुळ करू लागतात. आवाजाची पट्टी, चालण्याची ढब आणि चेहऱ्याची ठेवण या तीनच साधनांनी संपूर्ण वेगळा जीव उभा करण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक भूमिकेत ही तीन साधने स्वतंत्रपणे घडवलेली दिसतात. मतकरींच्याच ‘आरण्यक’ या महाभारतावरील नाटकात त्यांनी विदुर साकारला, आणि चार दशकांनंतर, २०१८ मध्ये, हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हाही विदुर त्यांचाच होता. एकाच लेखकाकडे चेटकीण आणि विदुर अशी दोन टोके सांभाळणारा नट विरळा.

त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते दूरचित्रवाणीमुळे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित ‘चिमणराव’ ही मालिका केंद्राने सादर केली. मराठीतील अगदी आरंभीच्या मालिकांमध्ये तिची गणना होते. मालिकेत प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. ही भूमिका सोपी नव्हती. चिमणराव वाचकांच्या मनात आधीपासून घर करून होता, शिवाय ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर यांनी तो पडद्यावर आणलेला होता. प्रभावळकरांनी त्यांच्या वाटेने न जाता मूळ कथांमधला भिडस्त, किरकोळ प्रकृतीचा, जगाच्या व्यवहारात कायम गडबडणारा मध्यमवर्गीय गृहस्थ उभा केला. धिप्पाड, रांगड्या गुंड्याभाऊशेजारी अंग चोरून उभा राहणारा हा चिमणराव कृष्णधवल पडद्याच्या लहानशा चौकटीत नेमका बसला. रंगमंचावरचा मोठा हावभाव तिथे खपत नाही, हे त्या काळातील अनेक नाट्यकलावंतांना उमगायला वेळ लागला. प्रभावळकरांना ते फार लवकर उमगले. या जोडीवर १९७९ मध्ये ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला. पुढे ‘साळसूद’ या मालिकेत त्यांनी थंड डोक्याचा खलपुरुष रंगवला आणि चिमणरावावर लोभ जडलेल्या प्रेक्षकांना चांगलाच धक्का दिला.

व्यावसायिक रंगभूमीवर ‘वासूची सासू’सारख्या फार्सिकल नाटकातून त्यांनी प्रेक्षकांना पोट धरून हसवले. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’चा बाज मात्र अगदी निराळा होता. मतिमंद मुलगा वाढवताना खचत जाणाऱ्या मध्यमवर्गीय आईबापांचे हे नाटक असून त्यातील बापाची, काटदरे यांची, भूमिका त्यांनी केली. मुलाच्या भूमिकेत अतुल परचुरे होते. पाठोपाठ संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात ते स्वतःच नंदू झाले. लहानपणी झालेल्या अपघातानंतर ज्याच्या मनाची वाढ तिथेच थांबली, असा हा प्रौढ पुरुष. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना इतक्या थोड्या अवधीत उभे राहण्याचा योग क्वचितच एखाद्या नटाच्या वाट्याला येतो. नंदू रंगवताना दया मागण्याचा मोह सहज होऊ शकला असता. प्रभावळकरांनी त्याला हट्ट, राग, मत्सर आणि निर्भेळ आनंद असे सगळे दिले, म्हणूनच तो कीव करण्याजोगा न वाटता जिवंत माणूस वाटतो.

त्यांच्या नाट्यकर्तृत्वाचा कळस म्हणजे ‘हसवाफसवी’. हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात एकट्याने सहा भूमिका केल्या. त्यांत चिमणराव आहेत, बेरकी नाना पुंजे आहेत, एक स्त्रीपात्र आहे, परदेशी राजपुत्र आहे आणि अखेरीस संगीत रंगभूमीचा अस्तंगत काळ अंगावर वागवणारे वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर आहेत. विंगेत जाऊन काही मिनिटांत वेष, टोप आणि रंगभूषा बदलून परतणे ही या नाटकातली उघड दिसणारी करामत, आणि टाळ्या तिलाही पडत. पण खरा बदल पाठीच्या कण्यात, श्वासात आणि नजरेत असे. तोवर हसण्यात दंग असलेले प्रेक्षागृह कृष्णरावांच्या प्रवेशाने हळूहळू शांत होई. थरथरते हात, शब्दागणिक लागणारी धाप, आणि जुन्या पदाची आठवण निघताच त्या जीर्ण देहात क्षणभर परतणारी तडफ, असा हा प्रवेश होता. मराठी संगीत नाटकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या परंपरेतील उतारवयातल्या नटाचे इतके प्रेमळ आणि तरीही अचूक चित्र रंगमंचावर फारसे आढळत नाही. नाटकाचे शेकडो प्रयोग झाले, आणि पुढे पुष्कर श्रोत्री यांनी त्याच सहा भूमिकांसह ते नव्याने सादर केले.

प्रभावळकरांमधील नट आणि लेखक यांना वेगळे करता येत नाही. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ ही त्यांची विनोदी पुस्तके, ‘बोक्या सातबंडे’ हा धडपड्या, परोपकारी मुलगा नायक असलेल्या बालकथा आणि ‘एका खेळियाने’ हे स्वतःच्या भूमिकांच्या घडणीविषयीचे पुस्तक प्रसिद्ध आहे. अभिनय शिकणाऱ्याने या शेवटच्या पुस्तकाकडे आवर्जून वळावे. ‘अनुदिनी’ या पुस्तकात एकाच कुटुंबातील माणसांच्या रोजनिशीची पाने आहेत. एकच घटना आजोबा, मुलगा, सून आणि नातवंडे आपापल्या बाजूने नोंदवतात आणि त्या नोंदींमधल्या तफावतीतून विनोद फुलतो.

याच पुस्तकावरून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका दिग्दर्शित केली. २००१ पासून अल्फा मराठी, म्हणजे आजच्या झी मराठी, वाहिनीवर ती सुमारे चार वर्षे चालली. आजोबा आबा टिपरे स्वतः प्रभावळकरांनी, मुलगा शेखर हा राजन भिसे यांनी, सून श्यामला ही शुभांगी गोखले यांनी, तर शिऱ्या आणि शलाका ही नातवंडे विकास कदम आणि रेश्मा नाईक यांनी साकारली. त्या वेळी प्रभावळकरांनी साठीही गाठलेली नव्हती, पण आबांचे वार्धक्य त्यांनी केवळ पांढऱ्या केसांवर सोडले नाही. बसताना आधी हाताने खुर्ची चाचपणे, बोलता बोलता मध्येच थांबून घरातल्यांच्या तोंडाकडे पाहणे, आपले म्हणणे कोणी ऐकत नाही हे कळल्यावर न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, अशा बारीक लकबींतून आबा घडले. कुटुंबात कारस्थाने, सूड आणि रडारड नसतानाही मालिका लोकप्रिय होऊ शकते हे टिपरे कुटुंबाने दाखवून दिले. दैनंदिन मालिकांच्या रेट्यात मराठी वाहिन्यांनी हा धडा फार लवकर बाजूला ठेवला, याची खंत वाटते.

चित्रपटांत त्यांच्या वाट्याला परस्परांशी काहीही नाते नसलेली माणसे आली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधील कुख्यात गुंड तात्या विंचू मरताना आपला आत्मा बाहुल्यात घालतो. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. त्याची दहशत मात्र प्रभावळकरांनी आधीच उभ्या केलेल्या माणसावर उभी आहे. राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या हिंदी चित्रपटात ते महात्मा गांधी झाले. पुतळ्यातले गांधी बाजूला सारून, शेजारी बसून समजुतीच्या चार गोष्टी सांगणारे मिस्कील गांधी त्यांनी देशभरच्या प्रेक्षकांना दिले. या भूमिकेसाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

उत्तरायुष्यात कोकणाने त्यांना दोन ठळक भूमिका दिल्या. मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावर बेतलेल्या ‘नारबाची वाडी’ (२०१३) मध्ये आपली वाडी कोणाच्याही घशात जाऊ न देणारा नारबा त्यांनी रंगवला. सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ (२०२५) मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी ते बाबुली मेस्त्री हा वृद्ध दशावतारी कलावंत झाले. दशावतार या कोकणातील लोकनाट्यात लिखित संहिता नसते. कथानक ठरले की नट संवाद जागच्या जागी रचतात, आणि आपल्या तोंडाला रंगही स्वतःच लावतात. शब्द न् शब्द लिहून, तालमीत घासून भूमिका उभी करणाऱ्या शहरी रंगभूमीच्या या नटाला इथे अगदी उलट्या रीतीने घडलेला नट व्हायचे होते. चित्रपटाला महाराष्ट्रभर मोठा प्रतिसाद मिळाला.