वायरीवरचे बटण: रास्पबेरी पायच्या इनलाइन स्विच केबलची पार्श्वभूमी

टेबल लॅम्पच्या वायरीवर मध्येच बसवलेले बटण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. रास्पबेरी पाय या एकाच बोर्डावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या वीज-केबलवरही तसेच बटण बसवतात. छोट्या कॉम्प्युटरच्या बाबतीत ही गरज १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमइतकी जुनी. त्यालाही स्विच नव्हता, बंद करायचे तर ९ व्होल्टची पिन उपटायची. पण त्याचा सगळा साठा कॅसेटवर असे. अचानक वीज गेली तर मेमरीतला प्रोग्राम जाई, बिघडत काही नसे. नंतर साठा मेमरी कार्डावर आला आणि पिन उपटणे महागात पडू लागले.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय मॉडेल बी बाजारात आला तोही स्विचविना. वीज मायक्रो यूएसबीतून, ५ व्होल्ट, ७०० मिलीअँपिअर. बोर्डावर स्विच न देण्याच्या या निर्णयावर आजही वाद होतो. बचाव करणारे किंमत पुढे करतात: घरात पडलेला मोबाइल चार्जर चालावा, एकही जास्तीचा भाग नको. हे अर्धेच खरे आहे. २०१३ मध्ये आलेल्या ४५ डॉलरच्या बीगलबोन ब्लॅक या तशाच छोट्या बोर्डावर पॉवरचे बटण होते. खरा फरक वीज सांभाळणाऱ्या चिपचा. बीगलबोनवर ती होती, म्हणून बटण दाबले की आधी सॉफ्टवेअरला निरोप जाई आणि मग वीज तुटे. पहिल्या पायवर आत येणारे ५ व्होल्ट एका पॉलीफ्यूजमधून (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) थेट व्होल्टेज कमी करणाऱ्या रेग्युलेटरांकडे जात. तिथे स्विच बसवला असता तर तो नुसता वायर तोडणारा स्विच झाला असता आणि लोकांनी तो टीव्हीच्या बटणासारखा वापरून कार्डे खराब केली असती.

हा मुद्दा मान्य केला तरी निर्णयाची किंमत सॉकेटने मोजली. स्विच नाही म्हणून लोक दिवसातून दहा वेळा मायक्रो यूएसबीची पिन काढघाल करत. बोर्ड हलका, जेमतेम ४५ ग्रॅमचा. पिन ओढली की अख्खा बोर्ड सोबत येतो आणि ताण सॉकेटच्या सोल्डरवर पडतो. शेजारचा २२० मायक्रोफॅरडचा उभा कपॅसिटर बोटाच्या धक्क्याने मोडण्याचे प्रकारही पहिल्या बोर्डांवर झाले. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये भिंतीतल्या सॉकेटला बटण असते, त्यामुळे ही अडचण थोडी झाकली जाते. पण भिंतीचे बटण बंद केल्यावर चार्जरमधला कपॅसिटर रिकामा व्हायला क्षणभर लागतो. घाईने बंद-चालू केले तर बोर्ड रिसेट न होता अर्धवट लटकतो. ५ व्होल्टची बाजू तोडणारा वायरीवरचा स्विच इथे उपयोगी पडला.

याच ठिकाणी शब्दांचा घोळ सुरू होतो. विक्रीच्या पाकिटावर ‘पॉवर बटण’ लिहिलेली ही केबल शटडाउन करत नाही. ती लाल वायर तोडते, काळी तशीच राहते. आधी सिस्टिम हॉल्ट करायची, म्हणजे सॉफ्टवेअरमधून नीट थांबवायची, हिरवा दिवा दहा वेळा लुकलुकून विझू द्यायचा, मगच बटण दाबायचे. लिहिणे चालू असताना वीज तोडली तर फाइल सिस्टिमचे जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, काही नुकसान भरून काढते. पण कार्डातल्या कंट्रोलरची आतली नोंदवही अर्धवट राहिली तर जर्नलचा उपयोग नाही, कार्डच वाचता येत नाही. शटडाउनचे खरे बटण हवे असेल तर ते बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या पाचव्या आणि सहाव्या पिनमध्ये, म्हणजे जीपीआयओ ३ आणि ग्राउंडमध्ये लावायचे आणि कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले ही सोय चालू करायची. हॉल्ट झालेला बोर्ड त्याच बटणाने उठतो. मात्र ती पिन आय-टू-सी या सेन्सर जोडायच्या दोन वायरींच्या बसची क्लॉक असल्याने त्या बसवरचा सेन्सर आणि हे बटण एकत्र नांदत नाहीत. आणखी एक गफलत: स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब काही बोर्डांना उलट्या दिशेने वीज पुरवतो. मग वायरीवरचे बटण बंद असूनही लाल दिवा जळत राहतो.

पुढे वीज वाढत गेली आणि केबलची उणीव उघडी पडली. २०१४ च्या बी प्लसपासून ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की बोर्ड इशारा देतो. २८ गेजची बारीक तार मीटरला ०.२१३ ओहम, जाऊन-येऊन ०.४३. चार्जर ५.१ व्होल्टचा, वीज फक्त १ अँपिअर धरली तरी बोर्डापाशी ४.६७ उरतात. स्विचच्या पत्र्याचे ०.०५ ओहम मिळवले की ४.६२, म्हणजे इशारा आलाच. २०१६ च्या पाय ३ ला २.५ अँपिअरचा चार्जर सांगितला गेला. तेवढ्या विजेला तार २० गेजची, म्हणजे जाड, हवी. तेव्हा तार आणि स्विच मिळून ०.२९ व्होल्ट जातात आणि ४.८१ पोचतात. स्विच नवा असताना सगळे ठीक असते. बटण दाबताच कपॅसिटर भरायला एकदम वीज धावते, ठिणगीने पत्रा काळवंडतो आणि काही महिन्यांनी तीच केबल कमी व्होल्टेज देऊ लागते. तपासायचे तर बोर्ड पूर्ण कामाला लावून दुसऱ्या आणि सहाव्या पिनवर मल्टिमीटर लावा. बोर्डाला थ्रॉटल्डची, म्हणजे वेग उतरवल्याची, स्थिती विचारल्यावर ५०००० आले तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून बोर्डाचा वेग उतरला होता, ५०००५ आले तर ते आत्ताही चालू आहे.

२०१९ च्या पाय ४ ने यूएसबी सी आणला आणि गुंता वाढला. पहिल्या आवृत्तीत दोन्ही सीसी वायरींना (यांवरून चार्जर समोरचे यंत्र ओळखतो) एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर जोडलेला होता. त्यामुळे ओळखीची चिप असलेल्या केबलने जोडले तर चार्जरला तो बोर्ड हेडफोनसारखा वाटे आणि तो वीजच सोडत नसे. दोष पुढच्या आवृत्तीत गेला, पण स्विचच्या केबलवर संशय घेण्याची सवय राहिली आणि अनेकदा तो रास्तही असतो. स्विचच्या डबीत फक्त लाल-काळी वायर जोडून सीसी तशीच सोडलेली असेल तर नीट बनवलेला सी चार्जर चालूच होत नाही. डेटाच्या वायरी नसतील तर पाय ४ त्याच सॉकेटमधून लॅपटॉपला जोडून वापरता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या पाय ५ वर अखेर बटण आले, अकरा वर्षांनी. हॉल्ट झाल्यावरही तो बोर्ड वॉट-दीड वॉट खात राहतो. ते थांबवायला सेटिंग साठवणाऱ्या ईईप्रॉम चिपमध्ये पॉवर-ऑफ-ऑन-हॉल्ट १ करावे लागते. म्हणून सौर पॅनेलवर किंवा बॅटरीवर चालवणारे अजून वायरीवरचाच स्विच लावतात. पण हा बोर्ड चार्जरशी बोलून ५ अँपिअर मागतो. मधल्या केबलमुळे हे बोलणे तुटले, तर वीज मिळूनही यूएसबीच्या चारही सॉकेटांना मिळून ६०० मिलीअँपिअरच सुटतात आणि बूट होताना चार्जर ५ अँपिअर देऊ शकत नाही अशी सूचना येते. तिथे चार्जर बदलण्याआधी स्विचची केबल काढून बोर्ड एकदा थेट जोडून पाहावा.