पुंगळी घोळवण्याचे माध्यम: वादामागची पार्श्वभूमी

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वी कशात घोळवून साफ करावी, हा प्रश्न गेल्या पंधरा-वीस वर्षांतच खऱ्या अर्थाने वादाचा झाला आहे. मक्याच्या कणसाचा भरडा, अक्रोडाच्या कवचाचा चुरा आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना हे त्यातील मुख्य पर्याय आहेत. वरणगावात 1964 पासून दारूगोळ्याचा कारखाना असल्याने खानदेशातील वाचकाला पुंगळीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. शस्त्र कायदा, 1959 नुसार काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो आणि पुढील विवेचन तो असलेल्यांपुरतेच आहे.

सफाईची सुरुवात झळाळीसाठी झाली नव्हती. काळ्या दारूच्या काळात उडालेल्या दारूचे क्षार पुंगळीच्या आत राहत आणि दमट हवेत ते पितळ खात, म्हणून 1880 च्या दशकात अमेरिकी लष्करात सरावाच्या पुंगळ्या पुन्हा भरण्याची पद्धत पडली, तेव्हा त्या साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवणे हा कामाचा आवश्यक भाग होता. बाहेरून त्या काळवंडलेल्या राहिल्या तरी कोणाची तक्रार नसे. पुढे धूरविरहित दारू आली आणि प्रायमरमधील, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील, पाऱ्याचा अंश थेट पितळेत मुरून ते ठिसूळ करू लागला. हा दोष कोणत्याही धुण्याने जात नव्हता, त्यामुळे अशा पुंगळ्या दिसायला चांगल्या असूनही टाकून द्याव्या लागत.

याहून महत्त्वाचा धडा भारतात मिळाला. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली असत आणि त्यांच्या पुंगळ्या, गोळी न झाडताच, आपोआप तडकत. हे पावसाळ्यात होते म्हणून इंग्रजीत या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूमुळे तडकणे, असे नाव पडले. ऋतू मात्र निमित्तमात्र होता. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, हवेतील ओल आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिघांच्या संयोगाने ती फुटत होती, हे ब्रिटिश धातुतज्ज्ञांनी 1921 मध्ये स्पष्ट केले. 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले हे पितळ लवचीक असले तरी अमोनियापुढे ते हतबल ठरते. बाजारात मिळणाऱ्या पितळ उजळण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो आणि असे द्रव झळाळीसाठी कोरड्या माध्यमात मिसळण्याची सवय काही जणांना आजही आहे, म्हणून ही जुनी गोष्ट येथे सांगितली.

धातूचे लहान भाग पिंपात भुशाबरोबर फिरवून गुळगुळीत करण्याची पद्धत कारखान्यांत जुनीच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थरथरणारी लहान पात्रे घरगुती वापरासाठी मिळू लागली आणि तीच पद्धत पुंगळ्या भरणाऱ्यांच्या टेबलावर आली. अक्रोडाचे कवच कडक आणि टोकदार असल्याने जुनी काजळी लवकर काढते. त्यात लाल लोहभस्म मिसळलेले असेल तर पुंगळ्यांवर तांबूस धूळ राहते. मक्याच्या कणसाचा भरडा मऊ असतो, तेल आणि ओल शोषून घेतो आणि पितळेला मंद चमक देतो. दाणे काढून उरलेली कणसे आपल्याकडे चुलीत जातात किंवा बांधावर पडून राहतात. त्यांच्याच गाभ्याला भरडून, चाळून इतकी अचूक कामगिरी करून घेता येते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. चाळणी मात्र महत्त्वाची आहे. प्रायमरची ठिणगी ज्या छिद्रातून आत जाते, ते साधारण 2 मिलिमीटरचे असते आणि सुमारे 1 मिलिमीटरचे दोन कण एकमेकांत अडकले तरी ते बंद होते. अर्धा-पाऊण मिलिमीटरचा बारीक भरडा त्यामुळे अधिक सुरक्षित ठरला.

साधारण 2010 च्या आसपास स्टीलच्या पिनांचा प्रसार झाला आणि खरा वाद तेथून सुरू झाला. सुमारे 1 मिलिमीटर जाडीच्या आणि 6 मिलिमीटर लांबीच्या पिना, पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि चिमूटभर लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) यांत पुंगळ्या दोन-तीन तास फिरवल्या की त्या आतून, बाहेरून आणि प्रायमरच्या खोबणीतही नव्यासारख्या होतात. कोरड्या माध्यमाला हे कधीच जमले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण या झळाळीची किंमत हळूहळू लक्षात आली. पिंपात पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडाची कड आत वळते आणि बोथट होते. हा दोष पिनांचा की पुंगळ्यांच्या आपसातील आदळण्याचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. पिंप भरगच्च ठेवले आणि वेळ कमी केला की कडा बऱ्याच अंशी वाचतात, यावरून आदळणे हेच मुख्य कारण असावे असे मला वाटते. पिनांचा दोष एवढाच की त्या वेळ वाढवण्याचा मोह निर्माण करतात.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. पुंगळीच्या मानेत आतून राहणारा काजळीचा पातळ थर गोळी बसवताना वंगणासारखा काम करतो. पिना तो पूर्ण खरवडून काढतात, मग उघडे पितळ गोळीला कमी-अधिक घट्ट धरते आणि एकसारखेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना मानेत ग्रॅफाइट लावावे लागते. आधी थर काढायचा आणि मग त्याच्या जागी दुसरा द्यायचा, हा खटाटोप मला पटत नाही. लिंबूफुलाचे प्रमाण वाढले किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, तर जस्त आधी सुटते आणि पितळेवर गुलाबी छटा येते. ती दिसली म्हणजे सफाईने मर्यादा ओलांडली असे समजावे.

येथे ‘साफ’ आणि ‘उजळ’ या दोन शब्दांची गल्लत मुळाशी आहे. चिंच-राखेने तांब्यापितळेची भांडी घासणाऱ्या घरात हे दोन्ही एकच मानले जातात. पुंगळीच्या बाबतीत साफ म्हणजे जिच्यावर, पुंगळी पुन्हा आकारात आणणाऱ्या साच्याला ओरखडे पाडणारी रेती-माती नाही आणि जिच्या भेगा डोळ्यांना दिसू शकतात, इतकेच. लष्करी काडतुसांच्या मानेजवळ दिसणारा निळसर-तपकिरी डाग तर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण मान तापवून मऊ केल्याचा तो पुरावा असतो. तांबट घडवणीच्या मध्येच भांडे तापवून पुन्हा मऊ करतो, तेच हे काम आहे. नागरी बाजारातील अनेक उत्पादक हा डाग पुसून काढतात आणि ग्राहकाला डागविरहित पुंगळी अधिक चांगली वाटू लागते. माझ्या मते पिनांना मिळालेल्या लोकप्रियतेचा मोठा वाटा या गैरसमजाचा आहे.

खानदेशात निवड करताना हवा आणि पाणीही विचारात घ्यावे लागते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाला फेस कमी येतो आणि वाळल्यावर पितळेवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटची धुणावळ मऊ पाण्यात करणे बरे. मे महिन्याच्या उन्हात कापडावर पसरलेल्या पुंगळ्या लवकर कोरड्या होतात, पण श्रावणात त्यांच्या आत ओल टिकते. कोरड्या भरड्यालाही पावसाळा मानवत नाही. तो ओल ओढून गुठळ्या धरतो आणि झाकणबंद डब्यात ठेवावा लागतो.

आरोग्याचा मुद्दा या चर्चेत उशिरा आला आणि त्यात ओल्या पद्धतीची बाजू निर्विवाद जड आहे. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि त्याचे अवशेष कोरड्या माध्यमाच्या धुळीत मिसळतात. भरडा चाळताना उडणारी ही धूळ श्वासात जाते, म्हणून ते काम उघड्यावर, तोंड झाकून आणि मुलांपासून दूर करावे लागते. पाण्यात धूळ उडत नाही, परंतु शिसे त्या पाण्यात उतरते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या मोरीत किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यात ओतू नये. या कामाची चाळणी किंवा भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

अलीकडे काही जणांनी पिना काढूनच टाकल्या आहेत. साबण, थोडे लिंबूफूल आणि पाणी यांत पुंगळ्या नुसत्याच फिरवल्या तरी बाहेरची माती आणि डाग निघतात. मानेतील काजळी बरीचशी शिल्लक राहते, पिना छिद्रात अडकण्याचा धोका उरत नाही आणि खोबणी थोडी काळी राहते, इतकाच फरक पडतो. 1880 च्या दशकातील धुण्यापासून ही रीत फारशी दूर नाही.