चोचीची जखम की दाताची?

संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला जावं, तर एक कोंबडी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. उचलली की हाताला ओलं लागतं. रक्त बघून जीव घाबरतो आणि हाताला लागेल ते मलम आपण फासतो. पण आधी एकच गोष्ट पाहा: जखम चोचीची आहे की दाताची? कारण रक्त किती गेलं यावरून अंदाज बांधायला गेलं की हमखास चुकतं.

चोचीची जखम दिसते भयंकर. बाकीच्यांनी टोचून केलेली ही जखम बहुधा शेपटीच्या बुडाशी, पाठीवर, गुदद्वाराभोवती किंवा तुऱ्यावर असते. भोवतालची पिसं उपटलेली, काहींचे नुसते खुंट उरलेले, कडा कुरतडल्यासारख्या. बारकाईने पाहिलं तर दुसऱ्या एखादीच्या चोचीला रक्त लागलेलं सापडतं. तुऱ्याला जराशी चीर गेली तरी सगळं डोकं माखतं. पण पुसून बघा, जखम बहुतेकदा कातडीपुरतीच असते. अपवाद गुदद्वाराचा. तिथे टोचून टोचून आतडं बाहेर ओढलं जाऊ शकतं, तेव्हा थेट पशुवैद्याकडेच जायचं.

दाताची जखम याच्या अगदी उलट. माझी एक कोंबडी मांजराच्या तावडीतून सुटली होती. रक्त म्हणाल तर दोन थेंब. दाणेही टिपले तिने, म्हणून मी निश्चिंत झोपले. दुसऱ्या दिवशी तुरा काळपट पडला आणि संध्याकाळी तिने मान टाकली. नंतर पिसं बाजूला केली तेव्हा पंखाखाली टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं दिसली. ती आदल्या दिवशीच दिसायला हवी होती, हे मला आजही लागून राहिलंय.

असं होतं कारण दात खोलवर जातो, सोबत जंतू नेतो आणि वरची कातडी लगेच मिटते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू सर्रास असतो, कोंबड्यांचा कॉलराही त्याच जंतूमुळे होतो. कुत्रा तर धरून झटकतो, त्यामुळे वरून कातडी शाबूत आणि आत स्नायू फाटलेला, असंही घडतं. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात. त्यांतली एखादी फुटली तर कातडीखाली हवा भरते आणि बोटाने दाबल्यावर चुरचुरतं.

म्हणून कोंबडी हाती आली की पंखाखाली, मांड्यांच्या आत, पाठीवर सगळीकडे फुंकर मारत जा. फुंकरीने पिसं दुभंगतात आणि कातडी स्पष्ट दिसते. लाळेने चिकटलेली पिसं किंवा जवळजवळची दोन भोकं दिसली, जमिनीवर पिसांचे पुंजके पडलेले असले, तर दातच समजा. (बरगडीवर लांब चिरा असतील तर त्या कोंबड्याच्या पायावरच्या काट्याच्याही असू शकतात, खोल नसतील तर त्यांना चोचीच्या जखमेसारखंच वागवा.)

सुरुवात दोन्हींत सारखीच. टॉवेलमध्ये गुंडाळा, पण छाती आवळू नका. कोंबडीला श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका. दोन किलोच्या कोंबडीत रक्तच साधारण दीडशे मिली, त्यामुळे थोडंही मोलाचं. तुरा पांढुरका, पाय गार, डोळे मिटलेले असतील तर तो धक्का (शॉक) आहे. उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. पाणी समोर ठेवा, चोचीत ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिका उघडते.

धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते चांगल्या पेशीही मारतं. बेन्झोकेनसारखं बधिर करणारं मलमही नको.

इथून पुढे वाटा वेगळ्या. चोचीची जखम धुऊन, कोरडी करून जांभळं औषध (जेन्शियन व्हायोलेट) लावलं की लाल रंग झाकला जातो आणि इतर कोंबड्या फिरकत नाहीत. पुढचे काही दिवस माश्या बसू देऊ नका, माशीची अंडी दिवसभरातही फुटतात. दाताचं भोक मात्र सुईविरहित सिरिंजने धुऊन उघडंच ठेवायचं. चिकटवायचं नाही, मलमाने बुजवायचं नाही. कोंबडी खातेपिते का याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, कारण तिला अँटिबायोटिक लागतं. ते चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही तिथेच विचारून घ्या.

एक-दोन दिवसांनी कातडी हिरवी पडली तर अनेकजण सडली म्हणून हाय खातात. कोंबडीचा मुका मार हिरवाच दिसतो, तो रंग बिलिव्हर्डिनचा. सडलेल्या जखमेला वास येतो आणि ती ओलसर राहते.

टोचलेलीला जाळीपलीकडे, इतरांना दिसेल अशी ठेवा आणि खपली पडल्यावरच आत सोडा. आणि टोचणारी कोण ते कळलं असेल तर चार दिवस तिलाही बाहेर काढा. परत आल्यावर कळपात बहुधा तिची आधीची वरची जागा राहिलेली नसते.