आत आला म्हणजे आपला झाला, असं नाही

‘ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट’ म्हणजे अमेरिकी सरकारी नोकरांची दप्तरं सांभाळणारं खातं. तिथून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्यात ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसेही होते. पासवर्ड बदलता येतो, ठसे कसे बदलणार? चोर एका कंत्राटदाराच्या लॉगिनने आत शिरले आणि नंतर त्यांना कुणी फारसं हटकलंच नाही. गंमत म्हणजे कर्मचाऱ्यांना चिपवालं ओळखपत्र देण्याचा आदेश २००४ मध्येच निघाला होता. तरीही चोरी उघड होण्याआधीच्या तपासणीत या खात्याच्या एकाही प्रमुख प्रणालीला ते कार्ड सक्तीचं नव्हतं.

कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये असलेला माणूस विश्वासू, हे गृहीतकच चुकीचं आहे, असं जॉन किंडरव्हाग या विश्लेषकाने २०१० मध्ये मांडलं. त्याने या विचाराला ‘झिरो ट्रस्ट’ म्हटलं. इथे प्रत्येक विनंती नव्याने तपासली जाते. मागणारा कोण, त्याचं यंत्र अद्ययावत आहे का, ही फाइल त्याच्या कामाची आहे का, हे सगळं पाहिलं जातं. उत्तर ‘हो’ आलं तरी परवानगी तेवढ्यापुरतीच. जानेवारी २०२२ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने संघराज्य खात्यांना या वाटेवर यायला सांगितलं आणि सप्टेंबर २०२४ अखेरची मुदत घातली. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा नियमही त्याच आदेशाने मोडीत काढला. बरंच झालं, त्या नियमामुळे लोक जुन्या पासवर्डपुढे फक्त एक आकडा वाढवत.

त्या आदेशातली सर्वांत मोलाची अट म्हणजे फिशिंगला, म्हणजे बनावट पानावर फसवून लॉगिन काढून घेण्याला, दाद न देणारी ओळख. ओटीपी इथे पुरत नाही. बनावट पानावर तुम्ही ओटीपी टाकता आणि भामटा तोच काही सेकंदांत खऱ्या साइटवर वापरतो. सुरक्षा-किल्लीचं, म्हणजे लॉगिनसाठी वापरायच्या छोट्या उपकरणाचं, तसं नाही. नोंदणी करताना ती त्या साइटसाठी गुप्त कळ बनवते आणि ती कळ उपकरणाबाहेर जात नाही. लॉगिनच्या वेळी साइट एक नवी यादृच्छिक संख्या पाठवते, किल्ली त्यावर डिजिटल सही करते. त्या सहीत साइटचा पत्ताही गुंफलेला असतो आणि तो ब्राउझर भरतो, माणूस नाही. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी खऱ्या साइटवर चालेल अशी सही मिळतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही.

मग सगळा भार ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर येतो. डिसेंबर २०२० मध्ये उजेडात आलेल्या, सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात हल्लेखोरांनी काही ठिकाणी नेमकी या सर्व्हरचीच सही करण्याची कळ पळवली. मग हव्या त्या नावाने प्रवेशाचे टोकन, म्हणजे सही केलेले डिजिटल परवाने, स्वतःच छापले. समोरच्या प्रणालीच्या लेखी ते अस्सलच होते. म्हणून ही कळ वेगळ्या, कडेकोट हार्डवेअरमध्ये ठेवायची असते आणि दारातून आत आलेल्याच्या वागण्यावरही नजर ठेवावी लागते.

माझ्या मते खरी मेहनत मात्र याहून रटाळ कामात आहे. बदली झालेल्याचे जुने अधिकार त्याच दिवशी काढणं, कंत्राट संपलं की लॉगिनचं खातं बंद करणं. शिवाय माणसाचं नावच नसलेली खाती असतात, रात्री बॅकअप घेणाऱ्या किंवा दोन प्रणालींत माहितीची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमची. त्यांना कार्ड देता येत नाही, त्यांचा पासवर्ड वर्षानुवर्षं तोच राहतो, आणि ती कुणी उघडली होती हे सांगणारा अधिकारी कधीच निवृत्त झालेला असतो.