स्लज आधी शिजवा, मग मिथेन मागा

एसटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमध्ये, सांडपाणी साफ झालं की पाणी पुढे सोडून देता येतं, पण मागे जो स्लज, म्हणजे गाळ, राहतो त्याचं करायचं काय? शेणाच्या गोबर गॅसमध्ये जे चालतं तेच इथे मोठ्या बंद टाकीत (डायजेस्टरमध्ये) करतात, हवा नाही, साधारण 35 ते 37 अंश तापमान, आणि 20-30 दिवस मुक्काम. बॅक्टेरिया स्लज खातात, बायोगॅस निघतो, त्यात ढोबळमानाने 60-65 टक्के मिथेन. ऐकायला मस्त वाटतं, पण एवढे दिवस ठेवूनही स्लजमधला जवळपास अर्धा सेंद्रिय भाग तसाच बाहेर येतो.

असं का होतं ते समजायला स्लज दोन प्रकारचा असतो हे लक्षात घ्या. पहिल्या टाकीत नुसता खाली बसतो तो प्रायमरी स्लज, त्यात अन्नाचे कण, तेल-तूप, कागदाचे तंतू वगैरे, तो पटकन पचतो. दुसरा हवा सोडलेल्या टाकीतून येतो, आणि तो म्हणजे खरं तर बॅक्टेरियाच, म्हणजे सांडपाण्यातली घाण खाऊन वाढलेले आणि एकमेकांना चिकट पदार्थाने धरून बसलेले. प्रत्येक पेशीला भक्कम भिंत, वरून तो चिकटा, आणि खायचा माल सगळा आत. मिथेन बनवणारे जंतू शेवटच्या पायरीवर असतात, त्यांना तयार ॲसिटिक ॲसिड नाहीतर हायड्रोजन लागतो, त्यामुळे आधीची भिंत फुटेपर्यंत ते वाटच बघणार. गॅस कमी आला की लोक आधी मिथेनवाल्या जंतूंना दोष देतात, पण अशा स्लजमध्ये खोळंबा बहुतेक वेळा पहिल्याच पायरीला असतो.

म्हणून डायजेस्टरमध्ये टाकायच्या आधीच भिंती फोडायच्या, यालाच प्रीट्रीटमेंट म्हणतात. कोणी 20 किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंडने फोडतं, कोणी कॉस्टिक सोडा घालून, पण मोठ्या प्लांटवर सगळ्यात जास्त जम बसलाय तो थर्मल हायड्रोलिसिसचा, म्हणजे वाफेने दाबाखाली शिजवण्याचा. घरातला कुकर 120 अंशांच्या आसपास जातो, इथे स्लजमध्ये वाफ सोडून तो 165 अंशांपर्यंत, सुमारे 6 बार दाबाखाली, 20-30 मिनिटं शिजवतात आणि मग दाब एकदम सोडतात. आतलं पाणी झटक्यात वाफ होतं, पेशी फाटतात, आणि घट्ट गोळा असलेला स्लज पातळ होऊन सहज पंप होतो. तोच डायजेस्टर मग दुप्पट घट्ट माल घेऊ शकतो. जास्त गॅसइतकाच हा फायदाही मोठा आहे, कारण नवीन टाक्या बांधायचा खर्च वाचतो.

आता लगेच शंका येईल की एवढी वाफ करायला लागणारी ऊर्जा कुठून आणणार, आणि शंका अगदी रास्त आहे. हिशोब करून बघू. 1 किलो कोरड्या मालामागे, स्लज 5 टक्के घट्ट असेल तर 19 किलो पाणी असतं. ते 20 वरून 165 अंशांवर न्यायला सुमारे 11.5 मेगाज्यूल, आणि त्या किलोतून नीट पचन झालं तरी मिथेन मिळणार साधारण 10 मेगाज्यूलचं. म्हणजे सरळ तोटा! पण आधी सेंट्रिफ्यूजमधून काढून 16-17 टक्के घट्ट केला तर पाणी 5 किलोच उरतं, गरज 3 मेगाज्यूलवर येते, त्यातली काही उष्णता दाब सोडताना निघणाऱ्या वाफेतून पुढच्या स्लजला देता येते आणि बाकीची बायोगॅसवर चालणाऱ्या इंजिन किंवा टर्बाइनच्या गरम धुरातून निघते. सगळा खेळ या पाणी काढण्यावर आहे, तिथे कंजूषी केली की प्रोजेक्ट बसला.

थर्मल हायड्रोलिसिसचा पहिला प्लांट 1990 च्या दशकाच्या मध्यात नॉर्वेतल्या हामारला सुरू झाला. अमेरिकेतला पहिला मोठा प्लांट वॉशिंग्टन डीसीच्या ब्लू प्लेन्सला, 2015 मध्ये. तिथे आधी स्लजमध्ये चुना मिसळून तो ट्रकने शेतांवर पाठवायचे, आता सुमारे 10 मेगावॉट वीज बनते, पाठवायचं वजन निम्म्याहून कमी झालं, आणि 165 अंशांवर रोगजंतू मेल्यामुळे उरलेला माल मातीत घालायला सुरक्षित धरला जातो.

पण जास्त तापवलं म्हणजे जास्त गॅस असं मात्र नाही. 175-180 च्या वर गेलं की साखर आणि अमिनो आम्लं जुळून गडद तपकिरी पदार्थ बनतात जे कोणताच जंतू नीट खात नाही, आणि तो रंग पाण्यात उतरला की पुढे यूव्ही (अतिनील) किरणांनी निर्जंतुकीकरण करणं अवघड जातं. शिवाय प्रोटीन फुटल्यामुळे अमोनिया भरपूर सुटतो, तो वाढला की मिथेनवाले जंतू सुस्तावतात आणि गाळून निघालेलं पाणी परत प्लांटच्या सुरुवातीला पाठवलं तर तिथला नायट्रोजनचा भार वाढतो. ब्लू प्लेन्सला त्या पाण्यासाठी वेगळं युनिट आहे, ज्यात ॲनामॉक्स बॅक्टेरिया अमोनियाचा सरळ नायट्रोजन वायू करतात, तेही नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरीच कमी हवा वापरून.